तान्ह्या बाळाचे पोषण आणि आईची बुडीत मजुरी

महाराष्ट्रात कुपोषण हा शब्द उच्चारला की काही ठरावीक नावे डोळ्यांपुढे येतात. १९९२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वावर-वांगणी, १९९३ पासून मेळघाट, पुढे नंदुरबार आणि मोखाडा. पावसाळ्यात बालमृत्यूंचे आकडे वृत्तपत्रांतून झळकतात, मंत्र्यांचे दौरे होतात, विधिमंडळात लक्षवेधी सूचना येतात आणि दिवाळीपर्यंत सारे विसरले जाते. या नावांत मेहकर कधीच नसते. पैनगंगेच्या काठी वसलेले, शारंगधर बालाजीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आदिवासी क्षेत्रात मोडत नाही. येथे एसटीचे आगार आहे, बाजार समिती आहे, सरकारी रुग्णालय आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरपासून समृद्धी महामार्गही तालुक्यातून धावतो आहे. त्यामुळे येथील शेतमजुराच्या घरचे बाळ कुपोषणाच्या चर्चेत येत नाही. ते बहुधा मरतही नाही. ते केवळ वाढत नाही. आणि जे मरत नाही त्याची बातमी होत नाही.

वाढ न होणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. निरोगी बाळाचे वजन पहिल्या तीन महिन्यांत दररोज साधारणपणे २५ ते ३० ग्रॅमने वाढते, पाच महिन्यांच्या सुमारास ते जन्माच्या वेळच्या दुप्पट होते आणि वर्षाअखेर तिप्पट. अंगणवाडीतील वाढीच्या तक्त्यावर दरमहा एक ठिपका पडतो. ठिपके जोडले की रेषा वर चढत गेलेली दिसली पाहिजे. परंतु आपल्याकडे रेषेपेक्षा रंगाला महत्त्व आले आहे. बाळ हिरव्या पट्ट्यात आहे एवढे पाहून सेविकेपासून जिल्हा परिषदेपर्यंत सर्वजण निश्चिंत होतात. वस्तुतः हिरव्या पट्ट्यातच ज्याची रेषा दोन महिने आडवी राहिली आहे त्या बाळाकडे तातडीने पाहण्याची गरज असते. उलट जन्मतःच दोन किलोचे असलेले आणि पिवळ्या पट्ट्यातून चिकाटीने वर चढणारे बाळ योग्य मार्गावर असते. रंग हा अहवालाला सोयीचा, रेषा ही बाळाच्या उपयोगाची. अहवालाला जे सोयीचे तेच शासनात टिकते, हा जुनाच अनुभव आहे.

राज्याचे आकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. पाच वर्षांखालील, वयाच्या मानाने खुज्या मुलांचे प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ साली ४६.३ टक्के होते. २०१५-१६ साली ते ३४.४ टक्क्यांवर आले आणि २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३५.२ टक्के भरले. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत जी उतरण लागली होती ती पुढे थांबली. उंचीच्या मानाने अतितीव्र कृश असलेल्या मुलांचे प्रमाण तर याच तीन सर्वेक्षणांत ५.२, ९.४ आणि १०.९ असे चढत गेले. हे आकडे मेळघाटाचे नव्हेत, साऱ्या महाराष्ट्राचे आहेत. आदिवासी पट्ट्याच्या बाहेर, मेहकरसारख्या शेकडो तालुक्यांत, न वाढणारी बाळे मोठ्या संख्येने असल्याखेरीज असे आकडे येऊच शकत नाहीत.

उतरण लागली होती ती कशामुळे, हेही आठवून ठेवण्याजोगे आहे. २००५ साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा हे बुलढाणा जिल्ह्यातलेच, तेव्हा मिशनच्या नावाशी तरी या जिल्ह्याचे नाते आहे. रिकाम्या जागा भरणे, वजने खरी घेणे, मुलाच्या पहिल्या एक हजार दिवसांवर लक्ष केंद्रित करणे अशी साधी कामे मिशनने धरली. २०१२ साली झालेल्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे आढळले. त्या काळी त्याचे देशभर कौतुक झाले. राजकीय इच्छा आणि प्रशासनाचा धाक एवढ्यानेही काही साधते, हे यातून दिसले. परंतु मजुराच्या घरातील अर्थव्यवहाराला हात न लावता किती साधते, याची मर्यादाही पुढील सर्वेक्षणांनी दाखवून दिली.

मर्यादा नेमकी कोठे आहे? ती बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत सुरू झाली. तेव्हापासून मुलांसाठीचा पूरक आहार सहाव्या महिन्यानंतर सुरू होतो, आणि ते योग्यच आहे, कारण त्याआधी बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे वैद्यकशास्त्र सांगते. गावातील ग्राम बाल विकास केंद्रही सहा महिन्यांपुढील मुलांसाठीच चालते. मग तिसऱ्या महिन्यात ज्याचे वजन थांबले त्या बाळासाठी योजनेत काय आहे? उपदेश आहे. आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात गृहभेटी देते, वजन करते, आईला समजावते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटवून दाखवले. १९९९ साली ते प्रसिद्ध झाले. आशाच्या या भेटी ही त्याच प्रयोगाची देणगी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. मात्र बेचाळिसाव्या दिवसानंतरची ठरलेली भेट येते ती थेट तिसऱ्या महिन्यात. मजूर बाई शेतावर परतते ती याच मधल्या दिवसांत. जेव्हा बाळाची रेषा आडवी होऊ लागते तेव्हाच सरकारचे डोळे मिटलेले असतात.

येथे एका रूढ समजुतीचा विचार केला पाहिजे. बाळ वाढत नाही असे दिसले की घरची वडीलधारी माणसे म्हणतात, "हिला दूधच येत नाही." खाते तेवढेच अंगावर उतरते, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब अर्धाच खरा आहे. स्त्री अर्धपोटी असली तरी तिचे शरीर बाळासाठी दूध तयार करत राहते. स्वतःचे हाड-मांस झिजवून करते. दूध किती उतरावे हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढते त्यावर ठरते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळ अंगावर प्यायले तर दूध टिकते. ते चार वेळांवर आले की दूध आटू लागते. आता मेहकर तालुक्यातील मजूर बाईचा दिवस पाहावा. आषाढ-श्रावणात निंदणी, मग सोयाबीनची सोंगणी, त्यानंतर कापसाची वेचणी. सकाळी स्वयंपाक उरकून ती निघते आणि दिवस कलल्यावर परतते. मधल्या आठ-नऊ तासांत बाळ आजीकडे किंवा आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे. त्याच्या तोंडाला पाणी घातलेले गाईचे किंवा पिशवीचे दूध, बहुधा बाटलीतून. बाटलीतून हगवण, हगवणीतून घटलेले वजन, आणि संध्याकाळी थकून आलेल्या आईच्या अंगावर पुरेसे दूध नाही. आईच्या वेळेचे दुर्भिक्ष हे बाळाच्या अन्नाचे दुर्भिक्ष होते. जी कुटुंबे वीटभट्टीवर वा उसाच्या फडावर जातात त्यांच्या बाळाला तर आजीही नसते आणि अंगणवाडीही नसते.

अज्ञानही आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. बाळंतिणीचा पहिला चीक पिळून टाकणारी घरे अजून आहेत. म्हशीच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटून खाणाऱ्या समाजाने माणसाच्या पिलाचा चीक मात्र टाकून द्यावा, हे कोडेच आहे. जन्मघुटी, मध, गूळपाणी हेही चालते. बाळाला अंगावर धरण्याची पद्धत चुकली तर ते तासभर चोखूनही उपाशी राहते. योग्य पद्धत शिकवणारे प्रशिक्षणपट मुंबईच्या आयआयटीतील मंडळींनी मराठीसह अनेक भाषांत तयार केले आहेत आणि ते प्रत्येक अंगणवाडीत दाखवण्यासारखे आहेत. जे बाळ कमी दिवसांचे किंवा फार अशक्त आहे त्याला आईने काढलेले दूध वाटी-चमच्याने किंवा आजीच्या बोंडल्याने पाजता येते. तेही पुरत नसेल तेथे दुसऱ्या मातांचे दान केलेले दूध द्यावे, या विचाराने मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली दुग्धपेढी उभारली. धारावीच्या कष्टकरी बायकांची बाळे तिच्यावर जगली. वाढ खुंटण्यामागे कधी हृदयाचा दोष, क्षय वा मूत्रमार्गाचा संसर्ग असतो, त्यासाठी डॉक्टरच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, सहा महिन्यांखालील न वाढणाऱ्या बाळाचा विचार एकट्याने न करता आई आणि बाळ ही जोडी धरूनच करावा, आईची प्रकृती आणि तिच्या मनाची अवस्थाही तपासावी, असे सांगितले आहे. हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच, की योग्य पद्धतीने दूध पाजायला शिकलेल्या आईला ते पाजायला घरी राहू कोण देणार?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने एका वर्गापुरते देऊन टाकले आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. सहा महिने निव्वळ आईचे दूध, हे शास्त्र संसदेने मान्य केले याचाच हा पुरावा. मात्र शेतमजूर स्त्रीचे बाळ वेगळ्या शास्त्राने वाढत असावे अशी समजूत दिसते. तिच्यासाठी २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ लिहिला गेला. प्रत्यक्षात २०१७ साली आलेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेने पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये हप्त्यांनी देऊ केले. जननी सुरक्षा योजनेचे सातशे रुपये मिळवून कायद्यातील रकमेच्या जवळ पोहोचल्याचे समाधान मानले गेले. २०२२ पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. मुलगा झाला तर त्या आईला विश्रांतीची गरज नाही, असा त्याचा अर्थ घ्यायचा काय?

सरळ अंकगणित करून पाहावे. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. २६ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १५६ दिवस. त्यांची मजुरी ४८,६७२ रुपये होते. ५,००० रुपयांना त्या दराने भागले तर सोळा दिवस येतात. सोळा दिवसांची मजुरी हाती देऊन सरकार तिला सहा महिने बाळाजवळ बस म्हणून सांगते. ती बसत नाही, आणि मग तिला अडाणी ठरवले जाते. तामिळनाडूने १९८७ पासून स्वतःची मातृत्व साहाय्य योजना चालवली आणि २०१८ पर्यंत तिची रक्कम, काही वस्तुरूप धरून, १८,००० रुपयांपर्यंत नेली. महाराष्ट्र त्याहून गरीब राज्य नाही. २०२४ साली येथे लाडकी बहीण योजना आली आणि दरमहा पंधराशे रुपये थेट खात्यात घालणे राज्याला शक्य आहे हे सिद्ध झाले. पण तिची वयाची खालची अट २१ वर्षांची. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले, असे ज्या राज्याचे सर्वेक्षण सांगते, तेथे सर्वांत कोवळी आई, जिचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका सर्वांत अधिक, तीच नेमकी या अटीने वगळली गेली.

खरे पाहता या मागणीला महाराष्ट्रात जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात गिरणी व कारखान्यांतील स्त्रियांसाठी मातृत्व लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना प्रसूतीच्या आधीची व नंतरची विश्रांती हे राष्ट्राचे हित असून तिचा भार शासनानेही उचलला पाहिजे अशी भूमिका मांडली होती. १९२९ साली तो कायदा झाला. कारखान्याचे कुंपण ओलांडून तो शेतापर्यंत यायचा होता, तो अजून वाटेतच आहे.

असे म्हणणारे विद्वान होऊन गेले, आणि आजही आहेत, की आपली माणसे मुळातच चणीने लहान. त्यांना पाश्चात्त्य मापे का लावता? १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दरडोई २,२५० उष्मांकांची कसोटी लावून दारिद्र्याचे मोजमाप केले. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८२ साली डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने त्याचे पुढचे टोक गाठले आणि लहान चणीची पण निरोगी अशी माणसे कुपोषित धरू नयेत असे मांडले. डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा कडक समाचार घेतला, कारण या मताचा व्यवहारातील अर्थ एवढाच होता की गरिबाने गरिबीला साजेसे शरीर धारण करावे आणि शासनाने त्याला अनुकूलन म्हणून मोकळे व्हावे. सुखात्म्यांच्या विद्वत्तेबद्दल आदर बाळगूनही हे म्हणणे भाग आहे, की पुढील संशोधनाने गोपालन यांच्याच बाजूने कौल दिला. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने वाढीची जी प्रमाणे घालून दिली ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील नीट पोसलेल्या बाळांवरून ठरवलेली आहेत, आणि पहिल्या पाच वर्षांत या सर्वांची वाढ जवळपास सारखीच आढळली. बाळाच्या उंचीतला फरक वंशापेक्षा ताटाचा अधिक असतो.

याहून महत्त्वाचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांत केले. त्या गावांतील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ दिसायला हडकुळे, पण स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून असलेले. पुढे मधुमेहाला बळी पडणारे. या अभ्यासातून दोन गोष्टी समोर आल्या. गरोदरपणी पालेभाजी, फळे, दूध ज्यांच्या ताटात अधिक वेळा आले त्यांची बाळे अधिक भरली. आणि ज्या स्त्रियांचे शेतातील व घरातील कष्ट अधिक जड होते त्यांची बाळे लहान भरली. ताट आणि कष्ट या दोन्ही गोष्टी मजुरीच्या प्रश्नात येतात, तो प्रश्न आरोग्य खात्याच्या कपाटात कोंडून ठेवता येत नाही.

आता सहाव्या महिन्यानंतरच्या बाळाकडे वळावे. देशात सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरात सुमारे अकरा, असे पाचवे सर्वेक्षण सांगते. महाराष्ट्राचा आकडा त्याहूनही खाली आहे. या वयात बाळाचे पोट त्याच्या मुठीएवढे. त्यात वरणाचे पाणी ओतले तर पोट भरते, बाळ वाढत नाही. घट्ट वरण, कुस्करलेली भाकरी, चमचाभर तेल, शेंगदाण्याचे कूट, अंडे, असे थोड्या जागेत अधिक सत्त्व असलेले अन्न त्याला दिवसातून तीन-चार वेळा हवे. हे सारे एकेकाळी मेहकरच्या शिवारातच पिकत होते. ज्वारीच्या पाटीत तूर, मूग, उडीद यांची मिसळ असे. कणगीत धान्य, मडक्यात डाळ आणि कडब्यावर पोसलेली एखादी गाय. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने ही सर्व जागा घेतली. सोयाबीनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, तुरीच्या जवळजवळ दुप्पट. पण ते कच्चे पचत नाही, तुरीसारखे शिजवून वरण करता येत नाही. म्हणून ते शेतातून सरळ बाजार समितीत जाते, तेथून तेलाच्या कारखान्यात, आणि प्रथिनांची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात, देशातल्या आणि परदेशातल्याही. प्रथिनांनी भरलेल्या शिवाराच्या मधोमध प्रथिनांवाचून बाळ अडते. बरे, शेतकऱ्याच्या हाती तरी पैसा राहावा. तर २०२४-२५ साली ४,८९२ रुपयांचा हमीभाव जाहीर असताना बाजारभाव हंगामात त्याच्या खालीच राहिला. ज्वारी गेली, तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गाय गेली, आणि सोयाबीनने या तिघांची भरपाई केली नाही.

या मुलांना शासन काय देते? २०१७ साली ठरलेल्या दराप्रमाणे सर्वसाधारण मुलामागे दिवसाला आठ रुपये, तीव्र कुपोषितामागे बारा, गरोदर व स्तनदा मातेमागे साडेनऊ. एका अंड्याला किरकोळ बाजारात सहा-सात रुपये पडतात, यावरून या दराची कल्पना यावी. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना अमेरिकेची मिलो आणि सुकडी मिळाली होती. ग्रामीण भागात अंगणवाडीच्या पिठाला आजही सुकडीच म्हणतात, आणि ते पीठ गोठ्यातल्या जनावरापुढे जाते हे सर्वांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी स्पष्ट आदेश दिला होता की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडून तो करून घ्यावा. महाराष्ट्रात ठेकेदारांनीच महिला मंडळांची पाटी लावली. हे प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आणि २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या निविदेतील, बड्या पुरवठादारांना सोयीच्या ठरणाऱ्या अटी रद्द करून नव्याने निविदा काढण्यास सांगितले. खऱ्या बचत गटातील बाईला मात्र गिरणी, भट्टी आणि महिन्याचे बिल महिन्यात, एवढ्यासाठी अजून झगडावे लागते. मेहकरची तूर, मेहकरचा शेंगदाणा, भाजून दळलेले मेहकरचेच सोयाबीन, यांचे पीठ मेहकरच्याच बायकांनी करायचे असेल तर त्यात तंत्राची कोणतीही अडचण नाही. तीव्र कुपोषितांसाठी १९९६ साली फ्रान्समध्ये निघालेली ती प्रसिद्ध पाकिटबंद लापशी तरी मुळात काय आहे? शेंगदाणे, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि वर जीवनसत्त्वे. इस्पितळाच्या दारातील मुलासाठी तिचा उपयोग असू शकतो. परंतु गावोगावच्या मुलांचा रोजचा घास पाकिटात बांधण्याचे कारण नाही.

आदिवासी क्षेत्रासाठी राज्याने २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालवली आहे. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार आणि मुलांना अंडी किंवा केळी, अशी ती आहे. तसेच १९९५ पासूनच्या नवसंजीवन योजनेत, आजारी बालकाला रुग्णालयात दाखल केले तर सोबत राहणाऱ्या पालकास बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारले आहे. 'बुडीत मजुरी' हा शब्द या सगळ्या शासकीय भाषेत एकमेव प्रामाणिक शब्द म्हणावा लागेल. बाळाची शुश्रूषा करताना गरिबाचे उत्पन्न बुडते आणि ते भरून दिले नाही तर शुश्रूषा होत नाही, ही कबुली त्यात आहे. ही कबुली डोंगरावर खरी आणि पैनगंगेच्या काठी खोटी, असे कसे होईल? मेहकरच्या अंगणवाडीत स्तनदा मातेला ताजे जेवण आणि अंडे मिळाले तर तिच्या दुधासाठी लागणारे जादा सहाशे उष्मांक बऱ्याच अंशी भरून निघतील, आणि दुपारी ती तेथे आली तर बाळही अंगावर पिईल. घरी दिलेल्या पाकिटातील पीठ सासरा, नवरा, दीर यांच्यानंतर तिच्या वाट्याला येते. ताटात वाढलेले अन्न तीच खाते.

हे सर्व जिच्यामार्फत व्हायचे त्या सेविकेची अवस्था निराळी सांगायला नको. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने अंगणात जावे, ही त्यामागची दृष्टी. आज अंगणाऐवजी सेविकेची नजर मोबाइलच्या पडद्यावर खिळलेली असते. २०२१ साली निकृष्ट मोबाइल परत करण्याचे आंदोलन महाराष्ट्रातील सेविकांनी केले ते उगीच नव्हे. २०२५ च्या जुलैपासून आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणे आले. वाटप करताना चेहरा जुळतो की नाही हे पाहायला यंत्र आहे, बाळ अंगावर नीट पिते की नाही हे पाहायला सेविकेला उसंत नाही. केंद्राने ठरवलेले तिचे मानधन २०१८ साली ४,५०० रुपये झाले. २०२३-२४ च्या हिवाळ्यात त्या दोन महिन्यांच्या आसपास संपावर गेल्या, तेव्हा आहार बंद पडल्याचा ठपकाही त्यांच्यावरच आला.

बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न केवळ आरोग्य शिबिरांचा समजून सोडून देऊ नये. अठ्ठेचाळीस हजारांच्या मागणीसाठी मोर्चे आणि विधिमंडळ आहेतच, आणि ती मागणी संघटित कामगारांच्या व्यासपीठावरूनही झाली पाहिजे. ज्यांना २६ आठवडे मिळाले आहेत त्यांनी ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यासाठी बोलावे. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेने आणि पंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावा असा राज्याचा नियम आहे. त्यातून शिलाई यंत्रे आणि सतरंज्या किती घेतल्या गेल्या याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. त्याच पैशातून निंदणी, सोंगणी आणि वेचणीच्या चार महिन्यांत गावात पाळणाघर चालवता येते. गावातलीच एखादी वयस्क बाई त्यासाठी मजुरीने नेमता येते. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असली तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक केलीच पाहिजे, अशी तरतूद २००५ च्या कायद्यात होती. हमीच्या कामाचे नाव आणि चौकट पुढे बदलली तरी ही तरतूद सोडून देता कामा नये. सहा महिन्यांखालील ज्या बाळांची रेषा दोन महिने आडवी आहे त्यांची यादी सेविका व आशा यांच्याकडून दरमहा तयार करून घ्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरपुढे ठेवावी आणि त्या प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहून घ्यावा: आई कामावर जाते काय? ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, तिचे इतिवृत्त बहुतेक ठिकाणी घरी बसून लिहिले जाते. या खरिपापूर्वीची ती सभा मेहकर तालुक्यातील प्रत्येक गावात खरोखर भरली, आणि पाळणाघराचा ठराव तीत मंजूर झाला, तर निंदणीच्या आधी तो ठराव गटविकास अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचलेला असेल.